प्लास्टरच्या आधी एक प्रश्न: पहाटे घरात सगळ्यांत आधी कोण उठतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. साताऱ्याबाहेर नव्या वसाहतीत तळमजला आणि वर एक मजला असा बंगला चाललाय. वीटकाम झालंय, पंधरा-वीस दिवसांत आतलं प्लास्टर सुरू होईल. राहणार आई-वडील, तुम्ही दोघं पुण्याहून शनिवार-रविवारी येणार, आणि वर्षातून दोन-तीनदा घर आठ-दहा दिवस पूर्ण बंद असणार. घरफोडीसाठी वायरचा अलार्म बसवायचा विचार आहे, पण वायरमन म्हणतो, "आता कोण वायरी ओढतंय, वायरलेस किट मिळतं, चिकटवलं की झालं." तर वायर ओढायची का, आणि ओढायची तर कुठून कुठे?

ओढा. घर तयार असतं, रंग झालेला असता, तर मीही वायरलेसच सांगितलं असतं. पीओपी झालेल्या घरात झिऱ्या (वायरीसाठी भिंतीत खाचा) मारायला लावणं माझ्याच्याने होत नाही. पण तुमच्या भिंती अजून उघड्या आहेत. आज पाइप टाकायला दीड-दोन दिवस जातील; वर्षाने तेच करायला घर विस्कटावं लागेल. वायरलेसमध्ये प्रत्येक सेन्सरच्या पोटात सेल असतो. तो ठरावीक काळाने बदलावा लागतो आणि आई-वडिलांच्या घरात तो बदलणारा माणूस म्हणजे तुम्ही. स्वस्त किटांचं आणखी एक दुखणं आहे. त्यांतले ४३३ मेगाहर्ट्झवाले बरेचसे सेन्सर नुसते बोलतात, ऐकत नाहीत. दार उघडलं की संदेश सोडून मोकळे; तो पॅनेलला, म्हणजे सगळे सेन्सर जिथे जोडलेले असतात त्या मुख्य डब्याला, पोचला का, हे त्यांना कळायची सोय नाही. सेन्सर मेला तरी पॅनेल आपलं 'सर्व ठीक' दाखवत बसतं. चांगल्या दुतर्फा वायरलेसमध्ये हा दोष नाही, पण त्याची किंमत ऐकली की तांब्याची वायर स्वस्त वाटायला लागते.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. या महिन्यात फक्त पाइप, बॉक्स आणि वायर. पॅनेल, सेन्सर, सायरन यांतलं काहीही आत्ता विकत घेऊ नका. ते रंग झाल्यावर, राहायला जायच्या आठवड्यात घ्यायचं. वर्षभर सिमेंटच्या धुळीत पडलेली बॅटरी बसवायच्या दिवशीच म्हातारी झालेली असते.

आता वायरच्याही आधीची गोष्ट. या धंद्यात बावीस वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात कोल्हापूरकडच्या एका घरात मी बेडरूम आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात हालचाल टिपणारा सेन्सर लावला. नकाशावर जागा एकदम बरोबर होती: चोर कुठूनही आला तरी तिथून जाणारच. पण त्या घरातल्या आजी पहाटे साडेचारला उठायच्या. चूळ भरायची, चहाचं आधण ठेवायचं, की सायरन. कोड आठवायचा नाही, मग सून धावत यायची. पहिल्या महिन्यात अकरा वेळा वाजला. दुसऱ्या महिन्यात त्यांनी रात्री अलार्म लावणं बंद केलं, तिसऱ्यात बाहेर जातानाही. पुढे सगळे लग्नाला गेलेले असताना मागचं दार फोडून चोरी झाली. मी जाऊन पाहिलं तर पॅनेल शाबूत, बॅटरी भरलेली, सगळे सेन्सर चालू, फक्त अलार्म लावलेला नव्हता. मालक मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

तेव्हापासून मी घराचा नकाशा मागायच्या आधी घरातल्यांचा दिवस विचारतो. पहाटे आधी कोण उठतं, कुठून कुठे जातं. रात्री बाथरूमला कोण उठतं. दूधवाला दारात येतो की पिशवी फाटकाला अडकवतो. कामवाल्या बाईंकडे किल्ली आहे का. उन्हाळ्यात रात्री कुठल्या खिडक्या उघड्या असतात. गच्चीवर कपडे वाळत घालायला कोण आणि कधी जातं. घरात मांजर आहे का, आणि नसेल तर शेजारचं येतं का. हे सगळं एका कागदावर लिहून काढा. आई-वडिलांना विचारून लिहा, मनाने नको. वायरचा मार्ग त्या कागदावरून ठरतो.

त्यातून दोन अवस्था निघतात. एक 'घरात आहोत': यात बाहेरची दारं-खिडक्या जाग्या, आतले हालचालीचे सेन्सर झोपलेले. दुसरी 'बाहेर गेलो': यात सगळं जागं. कुठलंही बरं पॅनेल हे देतं, पण त्यासाठी बाहेरच्या आणि आतल्या सेन्सरांचे झोन (पॅनेल एकत्र धरतं तो सेन्सरांचा गट) वेगवेगळे असावे लागतात आणि ते वायर ओढतानाच ठरतं. वायरमनने सोयीचं म्हणून मागचं दार आणि जिन्यातला सेन्सर एकाच झोनवर घेतला, तर तुमच्या वडिलांना रात्री वर जाताच येणार नाही.

चोर कुठून येतो? वर्तमानपत्रातलं ठरलेलं वाक्य आठवा: 'बंद घराच्या दाराचा कडीकोयंडा उचकटून'. ते खरं आहे. मी पाहिलेल्या घरांत दारं पहिली आली, त्यातही मागचं दार आणि गच्चीचं दार. गच्चीच्या दाराला बहुतेक ठिकाणी प्लायचा फळकुटा आणि एक अडसर असतो, आणि शेजारच्या गच्चीवरून किंवा पाण्याच्या पाइपावरून तिथे पोचता येतं. त्यानंतर संडास-बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांच्या झरोक्या. पट्ट्या एकेक सरकवून काढता येतात. ग्रिल कापून किंवा वाकवून येणारे त्यानंतर. तुमच्या तळमजल्याच्या बाथरूमच्या झरोक्याला आत्ताच चौकोनी सळीची जाळी बसवून घ्या. तो खर्च अलार्मचा नाही, पण अलार्मइतकाच कामाचा आहे.

तुमच्या घराला आठ झोनचं, पुढे वाढवता येईल असं पॅनेल पुरे. मी असे पाडले असते: पुढचं दार, मागचं दार, गच्चीचं दार, तळमजल्याच्या खिडक्या, हॉलमधला हालचालीचा सेन्सर, जिन्याच्या वळणावरचा, वरच्या लॉबीतला, आणि आठवा आई-वडिलांच्या पलंगाजवळ पॅनिक बटण. हे बटण चोवीस तास जागं, अलार्म लावलेला असो नसो. ते उशीजवळ नको, झोपेत हात लागतो. पलंगाच्या बाजूला, हात लांबवून मुद्दाम दाबावं लागेल असं हवं. आईंना रात्री बरं वाटेनासं झालं तरी तेच बटण कामाला येतं, आणि खरं सांगायचं तर मी बसवलेल्या बटणांपैकी जी खरोखर दाबली गेली, ती बहुतेक याच कारणाने.

पुढच्या दाराला उशीर ठेवायचा: बाहेर पडायला ६० सेकंद, आत येऊन कोड दाबायला ३० ते ४०. कंपनीकडून काही वेळा १५-२० सेकंद ठरवून येतात. हातात भाजीची पिशवी, गुडघे दुखतायत, अशा माणसाला ते पुरत नाहीत. मागच्या आणि गच्चीच्या दाराला अजिबात उशीर नको, तिथून घरचं माणूस बाहेरून येतच नाही.

खिडक्यांच्या बाबतीत वायरमन एक चूक हमखास करतो. सहा खिडक्या एकाच झोनवर घ्यायच्या असतील तर तो एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी माळ ओवतो. वायर वाचते, पण दोन वर्षांनी झोन चार 'उघडा' दाखवायला लागला की सहा खिडक्यांपैकी बिघाड कुठे आहे हे शोधायला अख्खा दिवस जातो. प्रत्येक खिडकीची, प्रत्येक दाराची, प्रत्येक सेन्सरची वायर सरळ पॅनेलपर्यंत आणा. जोडायच्या त्या तिथे जोडा. मध्ये भिंतीत, प्लास्टरखाली एकही सांधा नको. ही एक अट पाळली तर बाकीच्या निम्म्या चुका नंतर दुरुस्त होतात.

आता सर्किट कसं चालतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे कोणी फसवणार नाही. १८५३ साली अमेरिकेत ऑगस्टस पोप नावाच्या माणसाने विजेच्या चोरघंटीचं पेटंट घेतलं. त्यात दार उघडलं की सर्किट जुळायचं आणि घंटा वाजायची. अशा रचनेत वायर कापली की घंटा मुकी. म्हणून आता उलटं करतात: दार बंद असताना सर्किट जुळलेलं, सूक्ष्म प्रवाह सतत फिरतोय. दार उघडलं, वायर कापली, उंदराने कुरतडली, काहीही झालं तरी प्रवाह तुटतो आणि पॅनेलला कळतं.

पण दोन्ही तारा एकमेकींना चिकटवल्या तर? प्रवाह चालूच राहतो, दार उघडलं तरी पॅनेल शांत. हे चोरच करेल असं नाही. फर्निचरवाल्याचा एक खिळा पुरतो. यासाठी वायरच्या टोकाला, सेन्सरच्या आत, एक रेझिस्टर (प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) बसवतात. समजा तो २.२ किलोओहमचा आहे (पॅनेलप्रमाणे किंमत वेगळी असते, सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेली असते). पॅनेलला २.२ दिसले तर ठीक, अनंत दिसला तर उघडं, शून्य दिसला तर कोणीतरी तारा जोडल्या. आणखी एक रेझिस्टर संपर्काला, म्हणजे दारावरच्या स्विचला, समांतर लावला की दार उघडणं आणि वायर कापणं हे दोन प्रकारही वेगळे ओळखू येतात: बंद असताना एकपट, उघडल्यावर दुप्पट, कापल्यावर अनंत.

गोम अशी की हे रेझिस्टर पॅनेलच्या डब्यासोबत एका पुडीत येतात आणि घाईतला माणूस ते पॅनेलच्या स्क्रूखालीच दाबून टाकतो. चाचणीत सगळं बरोबर चालतं. पण मग वायरीत कुठेही तारा चिकटल्या तरी पॅनेलला आपल्या नाकासमोरचे २.२ दिसतच राहतात. बसवणारा निघण्याआधी पुढच्या दाराच्या संपर्काचं झाकण उघडून दाखव म्हणा. रेझिस्टर तिथे दिसला पाहिजे.

दारांना चुंबकीय संपर्क. चौकटीत रीड स्विच (चुंबक जवळ असला की जुळणारा), फळीत चुंबक. बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, वरच्या कडेला, म्हणजे दार थोडं उघडलं तरी चुंबक लांब जातो. सागवानी चौकट असेल तर भोक पाडून आत बसणारा प्रकार घ्या, दिसत नाही आणि केर काढताना धक्का लागत नाही. मात्र फळी आणि चौकटीत फट नीट मोजा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि जानेवारीत जेमतेम जुळलेला संपर्क मे महिन्यात रात्री दोनला सुटतो. लोखंडी सेफ्टी डोअरला साधा संपर्क चालत नाही, लोखंड चुंबकाची ताकद खाऊन टाकतं. तिथे जास्त अंतर पकडणारा, धातूच्या खोळीतला प्रकार लागतो. शटर असेल तर जमिनीवर बसणारा वेगळा मिळतो.

खिडक्यांबाबत माझं मत अनेकांना पटत नाही. आपल्याकडे ग्रिल असतं आणि रात्री खिडकी उघडी ठेवून झोपायची सवय असते. काचेच्या सरकत्या झडपेवर संपर्क लावला तर एकतर खिडकी बंद ठेवून घामाघूम व्हायचं, नाहीतर रोज तो झोन वगळायचा. रोज वगळलेला झोन म्हणजे नसलेला झोन. मी ग्रिलच्या चौकटीवर कंपनाचा सेन्सर लावतो. करवत, पहार, पान्हा, काहीही लागलं की तो सांगतो, आणि खिडकी खुशाल उघडी राहू द्या. त्याची संवेदनशीलता मात्र संयमाने ठरवायची. एक टकटक झाली की वाजायला नको, काही सेकंदांत चार-पाच ठोके बसले तरच वाजावं. तुमच्याकडे माकडं येत असतील तर ग्रिलला लोंबकळणारं माकड आणि चोर यांतला फरक कुठल्याही सेन्सरला कळत नाही. त्या बाजूच्या खिडक्या 'घरात आहोत' मध्ये घ्यायच्या की नाही, हे सहा महिने राहून ठरवा. वायर मात्र आत्ताच टाका.

हालचालीचा सेन्सर, ज्याला सगळे पीआयआर म्हणतात, तो हालचाल पाहतच नाही. तो उष्णता पाहतो, तीही बदलणारी. पुढची पांढरी भिंगाची पट्टी खोलीचे पंख्यासारखे भाग पाडते. उबदार शरीर एका भागातून दुसऱ्यात गेलं की आतला स्फटिक दचकतो. यातून तीन गोष्टी निघतात. एक, माणूस सेन्सरकडे सरळ चालत आला तर उशिरा कळतो, आडवा गेला तर लगेच. म्हणून तो दाराच्या समोर नको, बाजूच्या कोपऱ्यात हवा. दोन, काचेतून त्याला काही दिसत नाही, तेव्हा खिडकीबाहेरचा माणूस आतल्या पीआयआरने टिपायची आशा सोडा. तीन, मे महिन्यात बंद घराच्या भिंती तापून ३४-३५ अंशांवर गेल्या की अंगाची उष्णता आणि भिंतीची उष्णता जवळजवळ सारखी होते आणि त्याची नजर अधू होते. चांगल्या सेन्सरमध्ये तापमानाप्रमाणे स्वतःला जुळवून घ्यायची सोय असते. खोक्यावर बघून घ्या. मेमध्ये घर बंद राहणार असेल तर हे जास्तच महत्त्वाचं.

उंची साधारण २.२ मीटर, कोपऱ्यात. समोर पश्चिमेची खिडकी नको, फ्रिजचा मागचा भाग नको, आणि देवघर तर मुळीच नको. रात्रभर तेवणारी समई, तिच्यावर हलणारी हवा आणि वरून लोंबणारं तोरण, एवढ्यावर पीआयआर पहाटेपर्यंत दोनदा तरी ओरडतो. एका वाड्यात तर मी तीन फेऱ्या मारल्या तेव्हा नंदादीप सापडला.

आणि पाल. खोट्या अलार्मचं मी पाहिलेलं हे सगळ्यांत मोठं कारण आहे आणि परदेशी पुस्तिकांत याच्यावर क्वचितच एखादी ओळ असते. पाल थंड रक्ताची, लांबून तिची गरमी जाणवत नाही. पण ती थेट भिंगावरून चालली की तेवढ्या जवळून अख्खी खोली झाकते. सेन्सरच्या दिव्याने किडे येतात, किड्यांमागे पाल येते. दिवा चाचणी झाली की बंद करायचा. सेन्सरच्या आत तशी खिटी असते. वायर आत येते ते भोक सिलिकॉनने बुजवायचं, नाहीतर मुंग्या आत घर करतात. हॉलमध्ये मी पीआयआर आणि मायक्रोवेव्ह असा जोडसेन्सर लावतो. दोघांनाही एकाच वेळी पटलं तरच वाजतो. पण त्यातला मायक्रोवेव्ह पातळ पार्टिशनच्या आणि काचेच्या पलीकडेही बघतो, तेव्हा त्याचा पल्ला खोलीपुरता कमी करून घ्या. 'पाळीव प्राण्यांना वाजत नाही' या दाव्यावर विसंबू नका. मांजर जमिनीवर असेपर्यंत ते खरं असतं, सोफ्याच्या पाठीवर चढलं की नाही.

आता वायर. सेन्सरसाठी सहा किंवा आठ तारांची, ०.२२ चौरस मिलिमीटरची बहुतारी अलार्म केबल. दोन तारा वीजपुरवठ्याला, दोन अलार्मला, दोन झाकण उघडल्याचा इशारा देण्यासाठी. आठची घेतली तर दोन शिल्लक राहतात आणि त्या कधी ना कधी उपयोगी पडतातच. कॅट-सिक्स चालते का असं वायरमन विचारेल. चालते, पण अस्सल तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल त्याच नावाने मिळते. चाकूने तार खरवडा, आतून चंदेरी दिसली की परत करा. तिचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) तांब्याच्या दीडपटीहून जास्त आणि स्क्रूखाली दाबली की दोन वर्षांत तुटते.

जाडीचा हिशोब एकदा करून दाखवतो. ०.२२ ची तांब्याची तार मीटरला साधारण ०.०७८ ओहम. पॅनेल ते सेन्सर ३० मीटर, जाऊन-येऊन ६०, म्हणजे ४.७ ओहम. पीआयआर १५ मिलिअँपिअर घेतो, व्होल्टेज पडतं ०.०७. काहीच नाही. पण त्याच वायरवर एक अँपिअर खाणारा सायरन लावला तर ४.७ व्होल्ट वाटेतच जातात आणि १२ पैकी सायरनला सव्वासात मिळतात. तो वाजत नाही, कण्हतो. सायरनला एक चौरस मिलिमीटरची वायर ओढा, नुकसान एका व्होल्टवर येतं. 'हूटरचा आवाजच येत नाही' म्हणून मला जितक्या ठिकाणी बोलावलं, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हूटर चांगला होता, वायर बारीक होती.

पाइप वेगळे, २५ मिलिमीटरचे. २३० व्होल्टच्या पाइपातून अलार्मची वायर न्यायची नाही, वायरमन कितीही म्हणाला तरी. समांतर जावं लागलं तर एक फूट अंतर, ओलांडायचं तर काटकोनात. काटकोनी एल्बो न वापरता लांब बेंड वापरा, आणि रिकाम्या राहणाऱ्या प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी सोडून ठेवा. तोंडं कागदाच्या बोळ्याने बंद करा, नाहीतर प्लास्टरवाला ती मायेने भरून टाकतो. फाटकापर्यंत आणि गॅरेजपर्यंत एकेक पाइप आज काही कारण नसताना टाका. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना खुणेची पट्टी, शिवाय दोन्ही टोकांना हातभर वायर शिल्लक. आणि प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी टेकवून फोटो काढा. पुढे टीव्हीची चौकट ठोकायला येणारा माणूस तुम्हाला दुवा देईल.

पॅनेल कुठे? दिसेल तिथे नको. हॉलमध्ये दाराशेजारी पॅनेल म्हणजे चोराला अर्धा मिनिट आणि हातोडा दिल्यासारखं. वरच्या मजल्यावर कपाटाच्या आत किंवा कोठीच्या खोलीत, आणि तिथवर जायला वरच्या लॉबीतल्या सेन्सरसमोरून जावं लागेल असं. दाराजवळ फक्त कीपॅड, दुसरा कीपॅड आई-वडिलांच्या खोलीत. पॅनेलला स्वतंत्र एमसीबी. प्लगमधून वीज नको, इस्त्रीसाठी कोणीतरी तो काढतंच. वीज येते तिथे स्पाइक अडवणारं उपकरण आणि व्यवस्थित अर्थिंग. वळवाच्या पावसात वीज पडली की पॅनेल जळतात.

बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची. पॅनेल, दोन कीपॅड, तीन पीआयआर, कंपनसेन्सर आणि डायलर (अलार्म वाजला की फोन लावणारं यंत्र) मिळून साधारण ३३० मिलिअँपिअर धरा: कागदावर २१ तास, प्रत्यक्षात चौदा-पंधरा. तुमच्याकडे वादळात दोन-दोन दिवस वीज जाते म्हणता, तर घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर पॅनेल घ्या आणि त्याची स्वतःची बॅटरीही ठेवा. बसवल्याची तारीख बॅटरीवर मार्करने लिहा. तीन वर्षांनी ती फुगलेली नसली तरी बदला.

सायरन दोन. बाहेरचा उंचावर, झाकण उघडलं तर वाजणारा आणि स्वतःची छोटी बॅटरी असलेला, म्हणजे वायर कापली तरी तो वाजतो. आतला जिन्यात. लोक बाहेरच्यावर खर्च करतात, पण चोराला पळवतो आतला. त्या आवाजात कपाट उघडून बसणं माणसाला सहन होत नाही. पाच मिनिटांनी बंद होऊन पुन्हा सज्ज होईल असं लावा. रात्रभर वाजणाऱ्या घराकडे शेजारी दुसऱ्या वेळी बघत नाहीत.

राहिलं फोनचं. डायलर घेताना तो ४जी आणि व्होल्टीवर (४जीवरूनच कॉल लावायची सोय) चालणारा आहे ना, ते पाहा. दुकानात अजून जुने २जीचे पडलेले असतात आणि त्यांत जिओचं सिम चालतच नाही, त्या कंपनीचं २जी नाहीच. डायलरमधल्या सिमचा रिचार्ज कोणाच्या लक्षात राहत नाही; वर्षाचा एकदम मारा आणि तुमच्या फोनमध्ये आठवण लावा. नंबर भरताना पहिला तुमचा भरू नका. तुम्ही पुण्यात, दोन-अडीच तास लांब. पहिला नंबर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचा, दुसरा वसाहतीतल्या कोणा धडधाकट माणसाचा, तिसरा तुमचा. त्यांना आधी घरी बोलावून एकदा सायरन ऐकवा, आत एकट्याने शिरायचं नाही, बाहेरून बघून ११२ लावायचा, एवढं सांगा. ११२ थेट डायलरमध्ये भरू नका. एका पालीपायी पोलिसांची गाडी दोनदा आली की तिसऱ्यांदा कोणत्या तोंडाने बोलावणार?

रंग झाल्यावर बसवायला येईल त्याने आधी प्रत्येक वायरीचा रोध मल्टीमीटरने मोजून लिहून द्यावा, मग सेन्सर जोडावेत. मेगर (जास्त व्होल्टेज देऊन वायरीचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र) वापरणार असेल तर पॅनेल आणि सेन्सर जोडायच्या आधी, नंतर नाही. मग तुम्ही स्वतः प्रत्येक खोलीत चालून बघा, प्रत्येक दार चार बोटं उघडून बघा, एमसीबी पाडून बॅटरीवर दोन्ही सायरन वाजवून बघा. बसवणाऱ्याचा मूळ कोड तुमच्यासमोर बदलून घ्या. तो बहुतेक पॅनेलच्या पुस्तिकेत छापलेला असतो. कामवाल्या बाईंना वेगळा कोड द्या, तुमचा नको.

पहिले दोन आठवडे बाहेरचा सायरन जोडू नका, आतलाच वाजू दे. त्या पंधरा दिवसांत काय वाजलं, किती वाजता, घरात कोण कुठे होतं, हे आईंना कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहायला सांगा. मग तो कागद आणि सुरुवातीचा तुमचा कागद शेजारी ठेवून बसवणाऱ्याला परत बोलवा. तो येईल तेव्हा शेवटचे पैसे द्या.